मांजर नसलेल्या घराची धूळ

मागच्या महिन्यात लॅबचं जुनं कपाट रिकामं करताना कोपऱ्यात एक बाटली सापडली. बोटाएवढी, घट्ट झाकणाची, तळाशी चमचाभर करडी धूळ. वर छापल्यासारख्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं, 'मांजर नसलेल्या घराची धूळ', आणि खाली सही, देवरे. ती बाटली मी टाकून दिली नाही आणि जागेवरही ठेवली नाही. टेबलाच्या कडेला ठेवली आणि दिवसभर तिच्याकडे न बघता काम केलं. देवरे सरांबद्दल चांगलं सांगायला बसले तर मला तासभर पुरत नाही. वाईट सांगायला एकच गोष्ट आहे, पण ती सांगितली की बाकीचं सगळं कडू होऊन जातं. म्हणून आजवर मी दोन्ही सांगितलं नाही.

सिल्वासाजवळ मसाटच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅक्टरीच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब आहे. खाली हवा गाळणाऱ्या यंत्रांच्या जाळ्या बनतात आणि वर आम्ही त्या जाळ्या खरंच काही अडवतात का ते बघतो. धूळ, परागकण, झुरळांचा कचरा आणि मुख्य म्हणजे मांजर. एम.एस्सी. करून मी नाशिकहून इथे आले तेव्हा मांजर मोजायचं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून मांजरं मोजायला गेलीस का गं?" हे मी दुसऱ्या दिवशी सरांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "पगारे, आईंना सांगा, मांजर कुणीही मोजेल. आपण मांजर उठून गेल्यावर जे मागे राहतं ते मोजतो."

सर धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे. उंच, वाळकुडे, खांदे थोडे पुढे आलेले. बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, रोज ताजी इस्त्री केलेला, त्यावर लॅबचा पांढरा अॅप्रन. डब्यात कळण्याची भाकरी, एक कोरडी भाजी आणि ठेचा. घर टोकरखाड्याला, स्कूटरने वीस मिनिटांवर, पण दुपारी ते कधी घरी गेले नाहीत. साडेआठला आलेला माणूस सहालाच उठणार. घरी काकू एकट्याच असत, एकुलता मुलगा पुण्याला नोकरीला. मी एकदा सहज म्हटलं, "काकूंना दिवसभर करमतं का हो सर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एखाद्या यंत्राचं मन विचारलं. "घरात टीव्ही आहे," ते म्हणाले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात इतकं सोपं वाचलं नाही. लोकांना वाटतं मांजराच्या केसाने शिंका येतात. केस बिचारा नुसता ओझं वाहणारा. खरी वस्तू म्हणजे एक प्रथिन. ते मांजराच्या कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींमध्ये तयार होतं आणि लाळेतही असतं. मांजर दिवसभर अंग चाटतं. लाळ केसांवर सुकते, कातडीचा कोंडा सुटतो, आणि त्या कोंड्याचे कण इतके बारीक असतात की तासन्तास हवेत राहतात. गादीला, पडद्याला, भिंतीलासुद्धा चिकटतात. बोक्याच्या अंगावर ते जास्त असतं, खच्ची केलेल्या बोक्याच्या कमी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते माणसांच्या कपड्यांवर बसून फिरतं. ज्या शाळेत मांजराने कधी पाऊल टाकलं नाही तिथल्या बाकांवरही ते सापडतं. दम्याच्या मुलासाठी घरची धूळ तपासून घ्यायला आलेले आईबाप "आमच्याकडे मांजर नाही" म्हणाले की सर प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलत, "मांजर दिसत नाही म्हणून मांजर नाही असं समजू नका."

मोजण्याची रीतही त्यांनी हाताला धरून शिकवली. व्हॅक्यूमच्या तोंडात बारीक कापडी गाळणी बसवायची आणि गादीचा किंवा जमिनीचा आखून घेतलेला तुकडा घड्याळ लावून ओढायचा. आलेली धूळ चाळणीतून चाळायची, तोलायची, खारट द्रावणात भिजवायची, फिरवून वरचं पाणी काढून घ्यायचं. मग शहाण्णव खड्ड्यांची ती प्लॅस्टिकची ताटली. तिच्या तळाशी आधीच एक प्रतिपिंड चिकटवलेलं असतं, ते फक्त मांजराचं प्रथिन पकडतं. पकडलं की त्यावर दुसरं प्रतिपिंड बसवायचं, ज्याच्यामागे रंग आणणारं विकर जोडलेलं असतं. शेवटी रंगाचं द्रावण घातलं की निळं होत जातं, आम्ल घातलं की पिवळं होऊन थांबतं. जितकं पिवळं तितकं मांजर. यंत्र तो पिवळेपणा वाचतं आणि ठरलेल्या नमुन्यांशी ताडून आकडा देतं, एक ग्रॅम धुळीत इतके मायक्रोग्रॅम. रंग येईपर्यंतची ती मिनिटं सर ताटलीसमोर हात मागे बांधून उभे राहत. तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

वहीत खाडाखोड त्यांना खपत नसे. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी सही, वर नवा आकडा. आधीचा आकडा वाचता आला पाहिजे. एकदा मुंबईच्या एका गिऱ्हाईक कंपनीचा मॅनेजर आला होता, त्यांच्या यंत्राचा आकडा जाहिरातीत बसण्याइतका खाली आला नव्हता. तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "देवरेजी, थोडा नीचे ला दो ना, आपके हाथ में है." सरांनी आपले दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "मेरे हाथ में कुछ नहीं है, साहब. देख लो." तो मॅनेजर गेला आणि काही दिवसांनी ती कंपनीही दुसऱ्या लॅबकडे गेली. मालकांनी सरांना बोलावून झाडलं. सर परत आले आणि चाळणी तपासत बसले. त्या दिवशी मला वाटलं, नोकरी करावी तर अशा माणसाच्या हाताखाली.

त्यांच्यात गंमत नव्हती असं नाही. लॅबची सहल वासोण्याच्या सिंह सफारीला गेली होती. सगळे बसच्या जाळीतून फोटो काढत होते आणि सर मात्र तिथल्या एका रखवालदाराशी हिंदी-गुजरातीत काहीतरी ठरवत होते. निघताना त्यांच्या खिशात कागदाच्या पुडीत पिंजऱ्याच्या गजाला अडकलेले चार राठ केस होते. दुसऱ्या दिवशी ताटलीच्या शेवटच्या दोन खड्ड्यांत सिंह बसला. रंग फार फिका आला, पण आला. सर त्या खड्ड्यांकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होते, "बघा, हाही शेवटी त्यातलाच." तेवढ्या खुशीत मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

आता रत्नाबाई. लॅबमधल्या बाटल्या, चाळण्या आणि अॅप्रन धुण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ठेकेदाराकडून आलेल्या, पण चार वर्षं आमच्याकडेच. त्याही साक्री तालुक्यातल्या, नवऱ्यामागे इथे आलेल्या. लहानपणी मोडलेला गुडघा नीट जुळला नव्हता, त्यामुळे लंगडत चालायच्या. सूत गुंडाळणाऱ्या फॅक्टऱ्यांत बारा तास उभं राहावं लागतं, ते त्यांना झेपेना, म्हणून सरांनीच शब्द टाकून त्यांना इथे आणलं होतं. मोरीजवळ बसायला उंच स्टूलही त्यांनीच करून घेतलं. बाटल्यांवरची लेबलं मराठीत असत ती रत्नाबाईंना वाचता यावीत म्हणून. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, रत्नाबाई आप्पा म्हणायच्या. दोघं अहिराणीत बोलायला लागले की आम्हाला अर्धं कळायचं नाही. "आप्पा, ही चाळनी सात येळा धुई, आते काय तिनं कातडं काढू का?" असं त्या करवादल्या की सरांच्या ओठांच्या कडा हलायच्या. दुसऱ्या कुणाच्या बोलण्याने त्या हलत नसत.

ज्या धुळीपासून सगळं सुरू झालं, ती कशासाठी लागते ते सांगायला हवं. कुठलीही धूळ तपासताना शेजारी एक अशी धूळ लावावी लागते जिच्यात मांजर जवळजवळ नाही. ती पांढरी राहिली तर बाकीच्यांच्या पिवळेपणावर विश्वास ठेवायचा. ही धूळ सर स्वतःच्या घरून आणत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हॉलचा आणि झोपायच्या खोलीचा ठरलेला तुकडा ते स्वतः ओढत आणि सोमवारी बाटली माझ्या हातात देत. लग्नानंतर त्यांनी घरात कुत्रं, मांजर, पोपट काहीच येऊ दिलं नव्हतं. "आपल्या कामात हे पथ्य पाळावंच लागतं," ते म्हणत, आणि तसं म्हणताना त्यांची मान थोडी ताठ होई. आमच्या लॅबचं शून्य म्हणजे देवरे सरांचं घर होतं.

एका सोमवारी ते शून्य पिवळं आलं. फिकट पिवळं, पण नजरेला दिसणारं. पुढच्या महिन्यात आणखी गडद. दोन महिन्यांवर लॅबची मान्यता नव्याने तपासायला बाहेरचे लोक यायचे होते आणि मालकांना लेखी मूळ कारण हवं होतं. सर शिस्तीने विचार करत गेले. ताटलीतले नुसत्या पाण्याचे खड्डे स्वच्छ होते, म्हणजे रसायनं ठीक. पाणी चाळणीतून जात नाही, धूळ जाते. म्हणजे दोष चाळणीत किंवा बाटलीत. आणि चाळणी, बाटली एकाच माणसाच्या हातून धुऊन येतात. सगळं कसं ओळीने जुळत गेलं. धूळच तशी असेल ही एक शक्यता त्या ओळीत कुठे नव्हती, आणि ती घाला म्हणून सांगणारं आमच्यात कुणी नव्हतं.

त्यांनी आम्हा तिघी बायकांच्या कपड्यांवरून चिकटपट्टी फिरवून नमुने घेतले. माझी आणि दुसऱ्या केमिस्टची ओढणी जवळजवळ कोरी निघाली. रत्नाबाईंचा पदर चांगलाच पिवळा आला. सरांनी स्वतःच्या शर्टावरून पट्टी फिरवली नाही. हे मला त्याच वेळी जाणवलं होतं, खोटं कशाला बोलू. दर शनिवारी सगळ्यांचे अॅप्रन कवेत घेऊन रत्नाबाई धुवायला नेतात हेही मी बघत होते. पण मोजणाऱ्याला मोजा असं सांगायची माझी प्राज्ञा नव्हती.

त्यांना ऑफिसात बोलावलं तेव्हा मालक होते, ठेकेदार होता आणि नोंद करायला मी होते. सर अहिराणीत बोलले नाहीत. छापील मराठीत म्हणाले, "रत्नाबाई, तुमच्या घरी मांजर आहे का?"

"नही आप्पा, मन्हा घरमा मांजर नही शे."

"इथे सर म्हणा."

त्या गोंधळल्या. एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चाळमा एक फिरस, सर. पन ती कोनीच पाळेल नही. मन्हा घरमा येत नही. मी खोटं काबर बोलसू?"

"म्हणजे मांजर आहे," सर म्हणाले आणि मला म्हणाले, "लिहा."

मी लिहिलं. धुण्याच्या कामावरील कंत्राटी स्त्रीने घरी मांजराचा वावर असल्याचं लपवलं, असं ते वाक्य होतं. ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून त्यांना पाठवलं नाही. मसाटच्या निम्म्या फॅक्टऱ्यांना माणसं तोच पुरवायचा, त्यामुळे ज्या बाईने साहेबाशी खोटेपणा केला तिला त्याने दुसरीकडेही बसायचं काम दिलं नाही. निरोप घ्यायला त्या आल्या नाहीत. मोरीजवळचं स्टूल आठवडाभर तसंच पडून होतं, मग कुणीतरी ते खाली नेलं.

पुढच्या महिन्यात शून्य आणखी पिवळं आलं.

सरांनी चाळण्या नव्या मागवल्या. बाटल्या नव्या. तपासणीचा पूर्ण संच नवा. तरी तेच. शेवटी त्यांनी मला सांगितलं, तुमच्या खोलीतली धूळ आणा, त्याच चाळणीतून काढू. मी आमलीला भाड्याने राहत होते, खोलीत गादी आणि पुस्तकं सोडून काही नव्हतं. दोन्ही धुळी शेजारी शेजारी लावल्या. माझी पांढरी राहिली. सरांची पिवळी झाली. त्यांनी हात मागे बांधून दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पगारे, पुन्हा लावा." मी पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः लावली. मग अॅप्रन काढून खुंटीला अडकवला आणि दुपारी पावणेएक वाजता, चौदा वर्षांत पहिल्यांदा, घरी गेले.

काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. मला का सांगितलं हे मला आजही कळलेलं नाही, कदाचित पांढरी राहिलेली धूळ माझी होती म्हणून. त्यांनी स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. काकू हॉलमध्ये जमिनीवर चटईवर झोपल्या होत्या, हात पसरलेला. शेजारी खुर्चीत सरांच्या इस्त्री केलेल्या शर्टांची चळत होती आणि तिच्यावर एक मोठा तपकिरी बोका अंग चाटत बसला होता. सरांनी आवाज न करता दार ओढलं, खाली उतरले आणि सोसायटीच्या बाकावर सहापर्यंत बसून राहिले. नेहमीच्या वेळी वर गेले तेव्हा फरशी पुसलेली होती, बोका नव्हता. "कुणी आलं होतं का?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "इथे कोण येईल?"

हे सगळं सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. वर म्हणाले, "बोका आहे. खच्ची केलेला नाही. म्हणूनच आकडा एवढा चढला."

 त्या क्षणी मला काकू आठवल्या नाहीत, रत्नाबाई आठवल्या. मी म्हटलं, "सर, मग रत्नाबाईंना बोलवायला हवं."

"बघतो," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी वहीत स्वच्छ अक्षरात एक ओळ लिहिली. शून्यासाठीची धूळ यापुढे पगारे यांच्या घरून घेण्यात येईल, कारण सोय. खाली सही. मांजर नाही, बोका नाही, स्वतःचं घर नाही. आधीचा आकडा वाचता आला पाहिजे असं सांगणाऱ्या माणसाने रेघसुद्धा मारली नव्हती, पान उलटलं होतं. तपासणीची माणसं आली, मूळ कारणाचा कागद वाचला, मान डोलावली, चहा घेतला आणि मान्यता देऊन गेली.

मी पुन्हा विचारलं. यावेळी त्यांनी दार लोटून घेतलं. "पगारे, एकदा कारण लिहून दिलंय. आता दुसरं लिहिलं तर पहिला कागद खोटा ठरतो. लॅबची मान्यता जाईल. माझं काय, मी वर्षभरात निवृत्त होईन. तुमचं बघा. तो कागद तुमच्या अक्षरात आहे." ते धमकी देत नव्हते. नेहमीसारखं ओळीने जुळवून दाखवत होते. आणि मी गप्प बसले. सरांना नावं ठेवताना हे सोडून पुढे जाता येत नाही.

एका रविवारी किलवणी नाक्यावर भाजी घेताना मागून हाक आली, "मॅडम." रत्नाबाई होत्या. गलोंड्याच्या एका सूत फॅक्टरीत लागल्या होत्या, दिवसभर उभ्याने. गुडघा पातळाखालूनही सुजलेला दिसत होता. नवऱ्याचं काय, मुलीचं काय, असं मी विचारत राहिले. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "आप्पाले एक सांगा. मन्हा घर या. ते मशीन लई या, धूळ लई जा, मोजी ल्या. मोजावर खोटं निघनं तर मी परत तोंड दखाडाव नही. पन मोजी ल्या." त्यांचा विश्वास अजून त्या ताटलीवर होता. तो सरांनीच त्यांना शिकवला होता. सोमवारी मी सरांना शब्दन् शब्द सांगितला. ते नमुन्याचं लेबल लिहीत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "त्याची गरज नाही." गरज नव्हती हे खरंच होतं, त्यांना आकडा आधीच माहीत होता.

बोका नरोलीच्या दूधवाल्याला दिल्याचं मला नंतर कळलं. मांजर गेलं तरी त्याचं प्रथिन घरातून जायला महिने लागतात. सरांनी दर रविवारी घरची धूळ ओढायला सुरुवात केली. वहीत नाही, एका वेगळ्या कागदावर ते आकडे लिहीत आणि तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवत. आकडा उतरत होता. मधूनच मला म्हणत, "या आठवड्यात आणखी खाली आलंय," आणि त्यांच्या आवाजात समाधान असे. पलंगाखाली, पडद्यामागे, चटईवर, जिथे जिथे तो प्राणी काकूंजवळ बसला असेल तिथून तो थोडा थोडा नाहीसा होतोय हे ते मोजत होते. काकू तेव्हा कुठे बसत असतील, काय बघत असतील, असं माझ्या मनात येई आणि मी विचारत नसे.

बोका गेल्यानंतर पाचव्या महिन्यात त्यांची कंबर धरली. वाकता येईना. रविवारी फोन आला, "पगारे, जरा येता का? एवढी एक धूळ ओढून न्या." मी टोकरखाड्याला गेले. सर खुर्चीत ताठ बसले होते, पाठीशी उशी. घर इतकं लख्ख होतं की पाय ठेवायला संकोच वाटावा. मी आखलेल्या तुकड्यावर मशीन फिरवलं, गाळणी काढली, बाटलीत भरली. काकूंनी चहा आणला. बुटक्या, हसऱ्या, डोळ्यांखाली काळं. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच ना पगारे मॅडम? रत्ना कशी शे? पाय दुखतो का अजून तिचा?"

मला काही कळेना. मी सरांकडे बघितलं. ते बाटलीचं झाकण घट्ट करत होते.

"मी यांना एकच म्हटलं होतं," काकू सांगत होत्या. "आमच्या गणू बोक्याले देऊन टाकते. आजच देते. माझ्यापायी त्या बाईचं काम गेलं, रोज जेवताना हे सांगायचे ती कशी खोटं बोलली, आणि मी ऐकून घ्यायची. मले वाटायचं, असेल तिच्याकडेही. पन मग यांनीच सांगितलं, धूळ आपल्याच घरची पिवळी आली. म्हणून म्हटलं, मांजर देते, तिले परत घ्या. दुसऱ्याच दिवशी तिले परत घेतलं म्हणे यांनी. तेवढं बरं झालं." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबल्या. "जमतंय ना तिले काम?"

 सरांनी मान वर केली नाही.  मी म्हटलं, "बरी आहे. जमतंय."

काकूंचा चेहरा सैल झाला. आत गेल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन आल्या. हाताने केलेल्या शेवया होत्या, गावाकडच्या गव्हाच्या, वाळवून जपून ठेवलेल्या. "तिले द्या. म्हणा, आप्पाच्या घरून आल्या. अन् पिशवी तेवढी परत पाठवा, मन्ही एकच आहे तशी." मी हात पुढे केला, पण त्याआधी सर म्हणाले, "राहू दे इथेच. उद्या मीच देतो तिला." आकडा सांगताना लागायचा तोच आवाज.

त्यानंतर तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले. शाल, नारळ, मालकांचं भाषण, प्रामाणिकपणाची दोन उदाहरणं. ते दोघं साक्रीला निघून गेले आणि मी त्यांना पुन्हा भेटले नाही. पण निरोपाच्या दिवसाचे सर मला नीट आठवत नाहीत. आठवतात ते त्या सोमवारचे. जेवणाच्या सुट्टीत मी मोरीपाशी हात धूत होते. खिडकीतून खाली कॅन्टीनच्या मागची कचऱ्याची टाकी दिसते. सर कमरेवर एक हात ठेवून हळूहळू तिथवर गेले. पिशवीची गाठ सोडली. शेवया टाकीत ओतल्या, तळाशी राहिलेले तुकडे झटकून काढले. मग पिशवी उलटी करून पुन्हा पाहिली, सुलट केली, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली. ती घरी परत न्यायची होती.